अनिरुद्ध, ड्राफ्ट दुसरा: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ताई देवासहून सकाळीच आली. ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि आई दुपारची आडवी झाल्यावर तिनं पर्समधून माझा प्रिंटआऊट काढला. एकशे बारा पानं, स्पायरल केलेला, दसऱ्याला दिला होता मी. मला वाटलं होतं समासात भरपूर काही लिहून आणलं असेल, पण पेन्सिलच्या खुणा पहिल्या तीसेक पानांवरच, पुढे सगळं कोरं. म्हटलं पुढचं वाचलं नाहीस का, तर म्हणे वाचलं रे, सगळं वाचलं, पण थांबून खूण करावी असं काही आलंच नाही.

मग जरा वेळानं म्हणाली, "तुझा अनिरुद्ध चांगला आहे. खूपच चांगला आहे. वधूवर मंडळाचा फॉर्म भरल्यासारखा. निर्व्यसनी, सुस्वभावी, आईवडिलांचा मान राखणारा. मला त्याची दया आली, पण तो काही आवडला नाही बघ."

राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू. आता रात्रीचा एक वाजलाय आणि फाईल उघडून बसलोय आणि ती म्हणतेय ते खरं आहे.

नोंद म्हणून लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःलाच कळेल कुठून सुरू केलं होतं. हा प्रकल्प म्हणजे एक लांब कथा, मराठीत, दोन पुरुषांच्या प्रेमाची, इंदूरमधली. अनिरुद्ध, वय ३३, दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, एका स्टॉकिस्टकडे काम करतो (माझंच काम दिलंय त्याला, बिल्टी आणि एक्स्पायरीचा माल आणि क्रेडिट नोटा, मला तेच येतं). केदार, वय ३६, खजुरी बाजारात बाइंडिंगचं छोटं दुकान. पहिल्या ड्राफ्टमध्ये या दोघांना त्रास देणारं सगळं बाहेरचं होतं. घरचे, शेजारचे, नोकरी, समाज. आतून दोघंही धुतलेल्या तांदळासारखे.

६ नोव्हेंबर

आज फक्त काढाकाढी. अनिरुद्ध म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडून देतो तो सीन गेला. कुत्र्याच्या पिल्लाचा गेला. केदार "तू किती निर्मळ आहेस" म्हणतो ते तीन ठिकाणी होतं, तिन्ही गेले. एकूण चौदा पानं कमी झाली आणि कथेला काही फरकच पडला नाही, यावरूनच काय ते समजा.

१७ नोव्हेंबर

दहा दिवस एक ओळ लिहिली नाही, नुसता विचार केला की मी याला इतका स्वच्छ का बनवला.

मला वाटतं याचं उत्तर वयात आहे. २ जुलै २००९ला समलैंगिक संबंध गुन्हा नाही असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, पेपरात वाचला आणि पेपर घडी करून गादीखाली ठेवला. ११ डिसेंबर २०१३ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला तेव्हा वीसचा, बी.कॉम.ला. ६ सप्टेंबर २०१८ला त्याच कोर्टानं कलम ३७७मधून, म्हणजे हा गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, आपल्याला बाहेर काढलं तेव्हा पंचवीस. म्हणजे ज्या नऊ वर्षांत माणूस प्रेमात पडायला शिकतो त्या नऊ वर्षांत आमची केस चालू होती. आणि केस चालू असताना माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो तसाच उभा राहतो, शर्ट इस्त्रीचा, आवाज हळू, कुणाला उलट बोलायचं नाही. आम्हीपण तुमच्यासारखेच, आम्हीपण टॅक्स भरतो, आम्हीपण आईला दवाखान्यात नेतो. माझा अनिरुद्ध त्या पिंजऱ्यातच उभा होता एकशे बारा पानं, आणि ताईला त्याची दया आली, म्हणजे अर्ज मंजूर झाला. पण मी अर्ज लिहायला बसलो नव्हतो ना, मला लव्ह स्टोरी लिहायची होती.

दुसरी गोष्ट, वाचक म्हणून मी स्वतः काय वाचतो? गेली दहा वर्षं रात्री फोनवर जे वाचतोय त्यातले लक्षात राहिलेले हिरो आठवून पाहिले. एक दारू सोडून तीन महिने झालेला. एक तुरुंगातून सुटलेला. एक असा की बिछान्यात प्रेम करतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ओळख दाखवत नाही. एक लढाईवरून परत आलेला, झोपेत ओरडणारा. सरळ, शांत, सुखी हिरो एकही आठवला नाही, आणि वाचले तर नक्की असणार.

हे काही माझंच वेड नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत स्टार ट्रेकच्या चाहत्यांनी, त्यात बहुतेक बायकाच, हातानं छापलेल्या मासिकांत कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहायला सुरुवात केली, आणि दोन नावांमध्ये जी तिरकी रेघ मारायचे तिच्यावरूनच त्या सगळ्या प्रकाराला स्लॅश हे नाव पडलं. त्यातच एक प्रकार वाढला, हर्ट-कम्फर्ट. म्हणजे एकाला इजा व्हायची, दुसऱ्यानं उशाशी बसायचं, आणि एरवी जे दोन पुरुष एकमेकांना हात लावणार नाहीत त्यांना जखमेच्या निमित्तानं हात लावता यायचा. मला हे कळतं. आपल्याकडेपण पुरुषाला जवळ घ्यायला ताप यावा लागतो. बाबांनी माझ्या कपाळावर हात ठेवलेला मला आठवतो तो मलेरियातला, आठवीत होतो.

पण ताईच्या बोलण्यानं माझं जे अडलंय ते एवढ्यानं सुटत नाही. जखमी हिरो वेगळा आणि खोट असलेला हिरो वेगळा. जखम त्याला कुणीतरी केलेली असते. खोट म्हणजे त्यानं कुणाचं तरी काहीतरी केलेलं असतं.

१ डिसेंबर

देवासला ताईकडे. सकाळी टेकडीवर जाऊन आलो, दोन्ही देव्या, तुळजाभवानी आणि चामुंडा, मग खाली येऊन पोहे. ताईचं घर जुन्या राजवाड्याच्या बाजूला आहे आणि मला दरवेळी तिथून जाताना ई. एम. फॉर्स्टर आठवतो. इंग्रज कादंबरीकार, १९२१मध्ये इथे देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खाजगी सचिव म्हणून राहिला होता, मराठी दरबारात, गोकुळाष्टमीच्या गुलालात. त्याआधी १९१२-१३च्या पहिल्या भारतवारीतसुद्धा येऊन गेला होता. म्हणजे इंदूरहून तासाभराच्या अंतरावर, आपल्याच लोकांत, हा माणूस वावरत होता, आणि १९२१ला आला तेव्हा त्याच्या घरी एक अख्खी कादंबरी लिहून तयार होती जी त्यानं छापायला दिली नव्हती.

ती म्हणजे 'मॉरिस'. १९१३-१४मध्ये लिहिली. छापली गेली १९७१मध्ये, तो गेल्यावर एक वर्षानं. मधली पन्नासहून जास्त वर्षं फक्त मित्रांना वाचायला द्यायचा. इंग्लंडचा कायदा १९६७ला बदलला, तोपर्यंत तो म्हातारा झाला होता.

ताईला गच्चीवर बसून ही गोष्ट सांगितली कारण मला तिच्याशीच बोलून हे लावायचं होतं. फॉर्स्टरनं त्या कादंबरीला नंतर एक टिपण जोडलंय, १९६०चं. त्यात तो सांगतो की मॉरिसला मी मुद्दाम माझ्यासारखा केला नाही. मॉरिस दिसायला बरा, तब्येतीनं चांगला, डोक्यानं मंद, धंद्यात ठीक आणि वर्गाचा माज असलेला. आणि वाचताना हे जाणवतंच, बहिणींशी तो कसा वागतो, नोकरमाणसांशी कसा बोलतो. आणि ज्याच्यावर शेवटी प्रेम बसतं तो अ‍ॅलेक, शिकारीच्या रानाचा राखणदार, तोसुद्धा काही संत नाही, मध्ये एका टप्प्यावर मॉरिसला धमकी देतो, जवळजवळ ब्लॅकमेलच. आणि या दोन अशा माणसांना फॉर्स्टर एकत्र ठेवतो आणि सुखात ठेवतो. टिपणात स्पष्ट म्हणतो की सुखाचा शेवट असणं भागच होतं, नाहीतर मी लिहिलंच नसतं. आणि असंही म्हणतो की शेवटी एखादा पोरगा फासावर लटकला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता तर कुणाची हरकत नव्हती.

ताई बराच वेळ गप्प होती, गहू निवडत होती. मग म्हणाली, "म्हणजे गुणी मेला असता तर लोक रडले असते. वाईट मेला असता तर लोक म्हणाले असते बरं झालं. हा वाईट आणि वर सुखी, म्हणून छापलं नाही."

हे मी आल्या आल्या फोनमध्ये टाइप करून ठेवलं. मला हेच पाहिजे होतं. माझ्या ड्राफ्टमध्ये गुणी माणूस होता आणि शेवट मी संदिग्ध ठेवला होता, रेल्वे स्टेशन, धुकं वगैरे. आता दोन्ही बदलायचं. माणसाला खोट आणि शेवट सुखाचा. यातलं एकच केलं तर मी पुन्हा पिंजऱ्यात.

८ डिसेंबर

खोट कोणती द्यायची यावर आठवडा गेला. दारू द्यायची हे सोपं होतं, दारू मी पाहिलीये, मोठे काका. पण दारूनं तो स्वतःलाच जाळतो. मला असं काहीतरी हवं होतं की वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, नाही, हे नको होतं करायला तू.

शेवटी जे टाळत होतो तेच आलं. साखरपुडा.

इथे लिहून ठेवतो, कारण हे लिहिल्याशिवाय पुढचं चॅप्टर होणार नाही. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे निकालानंतर दोनच महिन्यांनी, मी एका मुलीला बघायला गेलो होतो. बाबांची बायपास झाली होती आणि घरात सगळे एकच बोलत होते. मला माहीत होतं मी कोण आहे. तरी गेलो, कांदेपोहे खाल्ले, तिच्याशी गच्चीत पंधरा मिनिटं बोललो, ती एम.एस्सी. होती, तिनं मला विचारलं तुमच्यावर घरून प्रेशर नाही ना, इतकं चांगलं विचारलं तिनं, आणि मी म्हटलं छे छे. नंतर दीड महिना हो-नाही न सांगता लोंबकळत ठेवलं. मग पत्रिकेचं निमित्त करून नाही कळवलं. साखरपुड्यापर्यंत गेलं नाही. पण तो दीड महिना तिचा होता आणि मी तो घेतला, आणि मी घाबरलेलो होतो म्हणून तो तिला परत मिळत नाही.

अनिरुद्ध माझ्याहून पुढे गेला. अनिरुद्धनं साखरपुडा केला. रामबागेतल्या एका कार्यालयात, ऐंशी माणसांचं जेवण, पेढे, अंगठी, केदारला न सांगता. मुलीचं नाव मृदुला.

आज सलग अकरा पानं झाली. हा माणूस पहिल्यांदा श्वास घ्यायला लागला.

१५ डिसेंबर

वहीत दोन रकाने केले. डावीकडे अनिरुद्धला काय झालं, उजवीकडे अनिरुद्धनं काय केलं. डावा रकाना भराभर भरला: शाळेत चिडवणं, वडिलांचा पट्टा, आईचं आजारपण, सतत धाक. उजव्यात एकेक ओळ लिहायला वेळ लागला. केदारशी खोटं बोलला, आठ महिने. मृदुलाचे मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. केदारनं दुकानासाठी जमवलेल्या पैशातले चाळीस हजार उसने घेतले आणि अंगठीला लावले. साखरपुडा मोडला तेव्हा लोक म्हणाले मुलीचंच काहीतरी असेल, आणि हा गप्प बसला.

यातलं शेवटचं सगळ्यात वाईट आहे. पैसे परत देता येतात.

वाचताना जे हिरो मला पुरले नाहीत, अर्धवट वाटले, ते आता कळतायत का. त्यांच्या लेखकानं उजव्या रकान्यातलं सगळं डावीकडच्या हिशोबात वळतं केलं होतं. लहानपणी मार खाल्ला म्हणून हा प्रियकराला घालूनपाडून बोलतो, बिच्चारा, संपलं. अहो पण ज्याला बोलला त्याला तेवढंच लागलं ना. डावा रकाना वाचून मला कळतं तो असा का झाला, आणि ते कळल्यावर मला तो जवळचा वाटतो हे खरंय, पण उजव्यातली एकही ओळ त्यानं पुसली जात नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवणारी पुस्तकं मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात.

२९ डिसेंबर

तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' पुन्हा वाचलं. १९८१ साली रंगमंचावर आलं. सुमित्रा म्हणजे मित्रा, तिचं नमावरचं प्रेम, आणि सांगणारा बापू. कॉलेजात असताना वाचलं होतं तेव्हा मी फक्त रडलो होतो. आता पाहिलं तर मित्रा किती त्रासदायक लिहिलीये, बापूला वापरते, नमाला घट्ट धरून ठेवते, कुणाचं ऐकत नाही, आणि तरीसुद्धा नाटकभर डोळे तिच्यावरच असतात. म्हणजे खोट असलेलं, धगधगतं माणूस मराठीत चाळीस वर्षांपूर्वी येऊन गेलंय. ती शेवटी जीव देते. त्या काळी, त्या नाटकात ते तसंच येणार हे मला मान्य आहे, माझी तक्रार नाही. पण मला माझ्या माणसाला तिथून पुढे न्यायचंय, सकाळपर्यंत, चहापर्यंत.

१२ जानेवारी २०२५

थंडी. काल रात्री सराफ्यात गराडू खाल्ले, तळलेले कंद, वरून जिरावण मसाला आणि लिंबू, हात भाजले, आणि परत येऊन नववा चॅप्टर फाडला.

दारूपण शेवटी दिलीच होती त्याला, साखरपुड्याच्या जोडीला. नवव्यात काय होतं की केदार त्याला रात्रभर मिठीत धरून बसतो आणि सकाळी अनिरुद्धची दारू सुटते. मी दवा बाजारात काम करतो आणि मी हे लिहिलं होतं याचं वाईट वाटतं. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला तर पहिल्या एक-दोन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, आणि साधारण दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम सुरू होतो, नसलेली माणसं दिसतात, त्यात जीवसुद्धा जातो. ते डॉक्टरच्या देखरेखीत करायचं काम आहे. काकांच्या वेळी आम्ही घरात कोंडलं होतं त्यांना, प्रेमानंच कोंडलं होतं, आणि तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झटकत होते, भिंतीवर एक मुंगी नव्हती.

चौथ्या चॅप्टरमध्ये अनिरुद्धची आई डाळीत गोळी मिसळते तेपण बघायला लागेल. डायसल्फिराम. ती घेतल्यावर दारू पोटात गेली की छाती धडधडते, चेहरा लाल होतो, उलट्या, बीपी पडतं. पेशंटला न सांगता ती द्यायचीच नसते, पण घरोघरी देतात, माझ्या माहितीत देतात. हे ठेवणार आहे, फक्त आईचा चांगुलपणा म्हणून नाही. अनिरुद्धला ते कळतं तेव्हा तो आईवर हात उगारतो. मारत नाही. पण उगारतो, आणि आई मागे सरकते, तेवढं लिहायचं.

आता केदारचं. केदार पहिल्या ड्राफ्टमध्ये नर्स झाला होता, आणि हे या प्रकारच्या कथांत मला नेहमी खटकतं, एक मोडका आणि एक दुरुस्ती करणारा. दुरुस्तीवाल्याला स्वतःचं काही नसतंच. पुस्तक दुरुस्त करायला आलं तर त्याला केदार विचारत नाही तुझी इच्छा आहे का, शिवण उसवतो, पाठ खरवडतो, लेई लावतो, शिकंज्यात घालतो. माणसाबरोबर हे करायला गेला तर तोही एक प्रकारचा माजच. मग केदारला त्याची स्वतःची खोट दिली: तो भांडत नाही. राग आला की बोलणं बंद करतो, चार दिवस, सहा दिवस, आणि मनात तारखेसकट सगळं लिहून ठेवतो. त्याच्या गप्प बसण्यानं अनिरुद्ध जितका घाबरतो तितका बापाच्या पट्ट्यालाही घाबरला नव्हता, आणि केदारला हे ठाऊक आहे, आणि तरी तो गप्प बसतो.

२६ जानेवारी

ताईला नऊ चॅप्टर पाठवले होते. आज सुट्टी म्हणून तिचा फोन, दीड तास. अनिरुद्ध आवडला. "चांगला बदडावासा वाटतो आणि मग जेवायला वाढावंसं वाटतं," असं म्हणाली, माझ्यासाठी हे पुरे होतं. पण लगेच पुढे: "त्या मुलीचं काय?"

म्हटलं कुठल्या, तर एकदम चिडली. "कुठल्या काय! मृदुलाचं. पाचव्या चॅप्टरमध्ये अंगठी परत करते आणि गायब. तुझ्या दोन हिरोंच्या प्रेमात खत म्हणून वापरली का रे तिला?"

मी काही बोलू शकलो नाही. मलाच माहीत आहे ती गच्चीवरची एम.एस्सी. मुलगी माझ्याही डोक्यातून तशीच गायब झाली होती, चांगली सहा वर्षं.

ठरलं: एक चॅप्टर पूर्ण मृदुलाचं. तिच्या तोंडून. त्यात ती त्याला माफ करत नाही. शेवटपर्यंत नाही. खोट असलेला हिरो लिहायचा तर ज्याचं नुकसान झालं त्या माणसाला कथेत खुर्ची द्यायलाच पाहिजे, उभं ठेवून चालणार नाही.

मग दुसरा प्रश्न, अनिरुद्धनं तिची माफी मागायला जावं का? मी लिहून पाहिलं. तो तिच्या दारात जातो, पाय धरतो, रडतो. वाईट झालं, खूप वाईट, कारण तो मोकळा होतो आणि ती पुन्हा दारात उभी राहून त्याचं रडणं झेलते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, जो १९३५ला अमेरिकेत सुरू झाला, त्यांच्या बारा पायऱ्यांतली नववी पायरी याबद्दलच आहे: ज्यांचं वाईट केलं त्यांची थेट भरपाई करा, पण त्यानं त्यांना किंवा दुसऱ्या कुणाला आणखी इजा होणार असेल तर नाही. हे "पण" मला फार मोलाचं वाटलं. अनिरुद्धला मिटिंगमध्ये हे ऐकू येतं आणि तो वर बघतो. मग तो काय करेल? अजून माहीत नाही.

१६ फेब्रुवारी

भाषेवर अडलो. दोघं एकमेकांना जवळ घेतात तिथे माझं मराठी एकतर श्लोकासारखं होतं नाहीतर शिवीसारखं. "समलिंगी" हा शब्द कथेत एकदाही आला नाही, कुणी खऱ्या आयुष्यात जेवताना बोलत नाही तो. शेवटी दोघांना आपल्या इंदुरी मराठीत बोलू दिलं, अर्धी हिंदी मिसळलेली. केदार म्हणतो "इकडे सरक ना, थंडी वाजून राहिली," आणि त्या "वाजून राहिली"मध्ये मला पाहिजे ते सगळं आलं. पुणेवाले हसतील, हसू देत.

२ मार्च

झालं. अकरावा चॅप्टर. चार वेळा लिहिला.

अनिरुद्ध मृदुलाकडे जात नाही. तो नानांकडे जातो. नाना म्हणजे ज्यांनी मध्यस्थी करून स्थळ जुळवलं होतं, रामबागेत राहतात, अर्ध्या इंदूरच्या मराठी घरांतली लग्नं त्यांच्या वहीत आहेत. दुपारची वेळ, नाना पेपर वाचतायत, काकू पाणी आणून ठेवतात. अनिरुद्ध उभ्या उभ्या सांगतो की साखरपुडा माझ्यामुळे मोडला, मुलीचा काही दोष नव्हता, मला पुरुष आवडतात, हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी तरी अंगठी घातली.

नाना चष्मा काढतात. बराच वेळ जातो. मग विचारतात, "हे तू मला कशाला सांगतोयस?"

"कारण तुम्ही सगळ्यांना सांगाल."

हे वाक्य लिहिलं आणि मी खुर्चीवरून उठून खोलीत चकरा मारल्या. इतके महिने जो अनिरुद्ध कुणाला कळू नये म्हणून खोटं बोलला, पैसे घेतले, एका मुलीची बदनामी होऊ दिली, तो स्वतःच्या पायानं शहरातल्या सगळ्यात मोठ्या तोंडाजवळ जातो. मृदुलाचं नाव साफ व्हायला दोन दिवस लागतील आणि याचं नाव दोनच दिवसांत जाईल. केदार तिथे नाही. केदारला त्यानं आधी सांगितलेलंही नाही. कुणी बघत नसताना केलंय, केदार परत येईल या आशेनं केलेलं नाही, आणि म्हणूनच मला आता तो केदारच्या दारात उभा राहिलेला चालतो.

काकूंचं एक ठेवलंय. तो निघताना त्या म्हणतात, "पाणी पिऊन जा." एवढंच. तो पितो.

१९ मार्च, रंगपंचमी

सकाळी गेर, म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक, बघायला गेलो. टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत माणसांवर माणसं, टँकरनं उडणारं पाणी, गुलाल इतका वर जातो की दुपारी बाराला संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. मी मुद्दाम गेलो होतो कारण शेवटचा सीन इथेच आहे आणि मला आवाज नीट ऐकायचा होता. कानात अजून रंग आहे, टाइप करताना कीबोर्डवर सांडतोय.

शेवट असा ठरला. एक वर्ष झालंय. दोघं एकत्र राहतायत, दुसरा मजला, भाड्याचं, पाण्याचा त्रास. चाळीस हजारांतले सव्वीस फेडून झालेत, केदारनं व्याज घेतलं नाही पण मुद्दल सोडली नाही. गेरमध्ये दवा बाजारातली पोरं भेटतात, एकजण अनिरुद्धच्या हातात ग्लास देतो. पहिल्या ड्राफ्टमधल्या केदारनं तो ग्लास हिसकावला असता. मधल्या ड्राफ्टमधला चार दिवस बोलला नसता. आता तो फक्त दुसरीकडे बघतो, मुद्दाम, त्याला जड जातंय, मानेची शीर ताठ झालीये. अनिरुद्ध ग्लास हातात धरून उभा आहे. मग केदारच्या कानाशी येऊन ओरडतो, कारण डीजेमुळे काही ऐकू येत नाहीये, "प्यावीशी वाटतेय. खूप. घरी जाऊ या का?" केदार म्हणतो, "गेर अर्धीच झाली." अनिरुद्ध म्हणतो, "हो." आणि दोघं गर्दीच्या उलट्या दिशेनं निघतात, कृष्णपुऱ्याकडे, लोकांचे धक्के खात, रंगलेले, केदारनं त्याची कॉलर मागून धरलीये म्हणजे हरवायला नको.

घरी पोचतात, पाणी गेलेलं असतं, तसेच रंगलेले बसून चहा पितात. इथे थांबलो.

आज संध्याकाळी पूर्ण फाईल ताईला पाठवली. बाकी राहिलेलं: चौथ्यात आई मागे सरकते ते वाक्य अजून नीट नाही, दोन शब्द जास्त आहेत. आणि मृदुलाच्या चॅप्टरमध्ये ती नानांच्या काकूंकडून सगळं ऐकते तिथे मी तिला जिन्यात बसवलंय, तर ती जिन्यात नाही बसणार, तिची शाळा असते त्या वेळी, प्रॅक्टिकल चालू असणार. ते उद्या.